दुहेरी विणीचा आवाज

माझ्या आईचा आवाज भसाडा होता. लेक असून असं म्हणते म्हणून भुवया उंचावू नका. सगळी आळी तेच म्हणायची आणि आई स्वतः सगळ्यांच्या आधी म्हणायची. शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी तिला रांगेतून बाहेर काढून पडदा ओढायला उभं केलं होतं. पुढे घरात फोन आला तेव्हा पलीकडचा माणूस हमखास म्हणायचा, "काका, जरा काकूंना देता का?" आई "देते हं" म्हणायची, जरा थांबायची आणि पुन्हा स्वतःच बोलायला लागायची. त्या आवाजावर जीव टाकणारा माणूस सगळ्या जगात एकच निघाला, तो म्हणजे माझा बाप.

बाबांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. हवेवर वाजणारं सगळं तिथे यायचं: अकॉर्डियन, ऑर्गन, माउथ ऑर्गन. खाली दुकान, वर आमचं घर. अकॉर्डियनच्या पोटात धातूच्या बारीक पट्ट्या असतात. भात्याची हवा लागली की त्या थरथरतात आणि सूर निघतो. त्या पट्टीला आमच्या दुकानात जीभ म्हणतात. जीभ कानशीने किंचित घासली की सूर चढतो किंवा उतरतो. हे काम बाबा असं करायचे की लोक त्यांना कानसेन म्हणत. आई म्हणायची, "कानसेन कसले, कानससेन म्हणा! चोवीस तास हातात कानस."

त्यांची गाठ पडली तीही भात्यावरूनच. आई लग्नाआधी कापडाच्या दुकानात काउंटरवर होती. बाबा भात्याला लावायचं कापड घ्यायला गेले. ते खाली मान घालून तागे बघत होते आणि आई म्हणाली, "हे नका घेऊ. याचा पोत विरळ आहे, हवा गळेल." बाबा म्हणाले, "काय म्हणालात?" तिने पुन्हा सांगितलं. बाबा पुन्हा म्हणाले, "काय म्हणालात?" आईला वाटलं, बिचारा बहिरा आहे. मग ती त्यांच्या कानाशी वाकून ओरडली, सगळं दुकान वळून बघायला लागलं. तेव्हा बाबा मान वर करून म्हणाले, "ऐकू आलं होतं. तुमच्या आवाजाचा पोत दुहेरी विणीचा आहे, तो पुन्हा ऐकायचा होता."

आईला आधी तो अपमान वाटला. नंतर काय वाटलं ते उघड आहे, नाहीतर मी कुठून आले असते?

तेव्हापासून 'पोत' हा आमच्या घरातला शब्द. बाबा म्हणत, सूर कुणीही जुळवेल. सूर म्हणजे नुसता पत्ता. त्या पत्त्यावर कोण राहतं ते पोतावरून कळतं. एकच सूर माउथ ऑर्गनवर वाजवा, ऑर्गनवर वाजवा, माणसाच्या गळ्यातून काढा, पत्ता तोच, पण दार उघडणारं माणूस वेगळं. आईच्या आवाजात त्यांना दोन धागे ऐकू यायचे, वर एक खरखरीत आणि त्याच्या खाली एक मऊ, आणि दोन्ही एकदम चालायचे. माझा आवाज त्यांना पाळण्यातच पत्र्याचा वाटला होता. त्यांनी माझं नाव 'पिपाणी' ठेवलं. आईला ते 'बाईसाहेब' म्हणायचे. मी मोठी झाले, दुकानात बसू लागले, चाळिशी ओलांडली, तरी मी पिपाणी ती पिपाणीच. चारचौघांत अशी हाक मारली की मी चिडायचे, आणि मी चिडले की माझा आवाज आणखीच पिपाणीसारखा निघायचा.

त्यांचे कान हळूहळू गेले. आधी किटलीची शिट्टी गेली, मग दारावरची घंटी, मग फोन, मग आम्ही. कानांत घालायची यंत्रं आणून झाली. त्यांनी नुसता गोंगाट वाढायचा. कानसेनाचे कान जावेत, याला म्हणायचं काय! मी देवाशी आणि डॉक्टरांशी दोघांशीही भांडले. बाबा मात्र कुणाशी भांडले नाहीत. सूर जुळवायचं काम मी छोट्या यंत्रावर करू लागले, आणि ते लाकडाचं, भात्याचं बघू लागले. घरात खाणाखुणा सुरू झाल्या. आई आधी मोठ्याने बोलून बघायची, मग ओठ ठळक हलवायची, मग बोलायचीच बंद झाली. बोलून उपयोग काय, म्हणायची. घर गप्प झालं.

कानामागे शस्त्रक्रिया करून बसवायचं यंत्र असतं, हे डॉक्टरांनी आम्हांला केव्हाच सांगितलं होतं. बाबा नको म्हणायचे. "आता काय ऐकायचं राहिलंय?" मग आईचं हृदय थकलं. पायांवर सूज, दोन पायऱ्या चढली की धाप. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. मी ते बाबांना कागदावर लिहून दिलं. त्यांनी वाचलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "ते यंत्र बसवा. ती आहे तोवर मला तिचा आवाज ऐकायचाय."

एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काहीही नाही.

शस्त्रक्रिया झाली, जखम भरली आणि यंत्र सुरू करायचा दिवस आला. कानाच्या डॉक्टरबाई भल्या होत्या, त्यांनी आधीच लिहून समजावलं होतं: सुरुवातीला विचित्र वाटेल, मेंदूला शिकायला वेळ लागतो, बोलणं बहुतेक कळेल, पण आवाजांतले बारकावे काहींना नंतर येतात आणि काहींना तितके येत नाहीत. आईने त्यातलं 'बोलणं कळेल' एवढंच वाचलं. ती त्या दिवशी निळी साडी नेसून आली होती. पहिलं वाक्य काय बोलायचं याची तिने आठवडाभर तयारी केली होती आणि मला सांगत नव्हती. डॉक्टरबाईंनी बाबांच्या कानामागे यंत्र अडकवलं, त्याची गोल चकती डोक्याला चिकटवली आणि आईला खूण केली.

आई म्हणाली, "अहो, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय."

तयारी केलेलं वाक्य राहिलं बाजूला. बाबांनी खाली वाकून बुटाकडे बघितलं. म्हणजे ऐकू आलं होतं! आई टाळ्या वाजवायला लागली. बाबा वर उठले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आई रडली, मी रडले, डॉक्टरबाईंनीही डोळे पुसले. आपण सगळे एकाच कारणासाठी रडतोय असं मला वाटलं होतं.

त्यानंतर आई जी बोलायला लागली! इतक्या वर्षांचा तुंबलेला साठा होता. सकाळी डोळे उघडल्यापासून सुरू. कापडाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी, शेजारच्या काकूंच्या सुनेचे प्रताप, काल पडलेलं स्वप्न, परवा न पडलेलं स्वप्न. मध्येच धाप लागायची, ती हात वर करून थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं. ती म्हणायची, "इतकी वर्षं कमीच बोलले की." यंत्राला ती लाडाने 'कानामागून आलेलं तिखट' म्हणायची. बाबा समोर बसून ऐकायचे आणि हसायच्या जागी हसायचे.

एकदा आई माझं न ऐकता चहाचा कप घेऊन स्वतः खाली दुकानात आली. बाबा तिच्याकडे पाठ करून बाकावर काम करत होते. मी कोपऱ्यात भात्याला डिंक लावत होते. आई म्हणाली, "चहा आणलाय, निवेल."

बाबा वळले नाहीत. म्हणाले, "ठेव तिकडे, पिपाणे."

मी ब्रश खाली ठेवला. आई कप धरून तशीच उभी होती. मग माझ्याकडे बघून हसली. "बघ, बाई, तुझा आवाज आता माझ्यावर गेलाय. सांभाळ, लग्न होणार नाही." कप ठेवून ती कठड्याला धरून वर गेली.

ती वर पोहोचली याची खात्री करून मी बाबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "तिला पिपाणी म्हणालात."

बाबांचा चेहरा पडला. आधी त्यांनी कानांवर हात ठेवून बघितले, घाईत होतो, लक्ष नव्हतं वगैरे. मी हलत नाही म्हटल्यावर त्यांनी कानस खाली ठेवली.

"सगळे एकाच पत्र्याच्या डब्यातून बोलतात," ते म्हणाले. "तू, ती, दूधवाला, बातम्या सांगणारा. शब्द येतात, एकूणएक येतात. पण बोलणारं माणूस येत नाही. त्या दिवशी ती नाडीचं बोलली ना, ते मला त्या डॉक्टरबाई बोलल्यासारखं वाटलं. मी ओठ बघितले म्हणून कळलं."

"म्हणून रडलात?"

"मग काय करणार?"

मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्यावरच ओरडले. माझं असंच आहे, वाईट वाटलं की आधी राग येतो. "मग आईला सांगा ना! बारकावे मागाहून येतात म्हणाल्या होत्या त्या. ती समजून घेईल."

"मागाहून केव्हा?" बाबा म्हणाले. "तिच्याकडे मागाहून आहे का? तिच्या आवाजाला चांगलं म्हणणारा मी एकटा होतो, पिपाणे. मी आता सांगू, की मलाही तो येत नाही? पुन्हा पडद्यापाशी नेऊन उभी करू तिला?"

मग आम्ही बापलेकीने कट केला. मी 'बाबा' म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आई तर 'अहो'शिवाय बोलायचीच नाही. आजचा चहाचा प्रसंग अपवाद. 'बाबा' ऐकू आलं की मी, 'अहो' ऐकू आलं की ती. पोताचं काम शब्दाने भागवायचं. दुधाची तहान ताकावर, पण भागत होती. मी दिवसभर 'बाबा, चहा', 'बाबा, पाऊस आला', 'बाबा, बाबा' करायचे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती प्रेम गं वडिलांवर!" मी म्हटलं, "हो ना, उतू चाललंय."

आई मूर्ख नव्हती. कापडाला हात लावून भेसळ ओळखणारी बाई ती, घरातली भेसळ तिला कळणार नाही होय?

एका दुपारी ती पलंगावर उशांना टेकून बसली होती. बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, मधलं दार अर्धं लोटलेलं. आईने मला बोटाने जवळ बोलावलं आणि अगदी हळू म्हणाली, "मी सांगते ते मोठ्याने म्हण. 'अहो, खिडकी लावता का, वारा येतोय.' अस्संच म्हणायचं."

"मी का? तू म्हण की."

"म्हण म्हणते ना."

मला कळलं ती काय करतेय. 'बाबा' असं एकदा म्हटलं असतं तर वेळ निभावली असती. पण ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की तिच्यासमोर लबाडी करणं मला जमेना. मी म्हटलं, "अहो, खिडकी लावता का, वारा येतोय." तिची नक्कल वगैरे काही केली नाही. माझ्याच पत्र्याच्या आवाजात म्हटलं.

बाहेरून लगेच उत्तर आलं. "आलो, बाईसाहेब!"

बाबा आत आले ते थेट आईकडे बघून हसत. त्यांनी खिडकी लावली, तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि विचारलं, "गार वाटतंय का गं?" आईने मान हलवून नाही म्हटलं. ते पुन्हा वर्तमानपत्राकडे गेले.

आई लावलेल्या खिडकीकडे बघत होती. मग म्हणाली, "मला चहाच्या दिवशीच शंका आली होती. म्हटलं, एकदा खात्री करावी. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!" आणि हसायला गेली, पण ते हसू काही आलं नाही. "सगळ्या जगाने भसाडा म्हटलं तरी मला कधी वाईट वाटलं नाही. एकाला आवडायचा ना, पुष्कळ झालं. आता त्यालाच नाही." तिने माझा हात घट्ट धरला. "त्यांना सांगायचं नाहीस हं, मला कळलंय म्हणून. माझ्यासाठी डोक्याला भोक पाडून घेतलंय त्यांनी. त्यांना वाटू दे की मला वाटतंय, माझा आवाज येतोय त्यांना."

मी शपथ घेतल्यासारखी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

त्या दिवसापासून आई बोलायची थांबली. विचारलं तर खुणेने सांगायची, दम लागतो. दम लागत होताच, खोटं नव्हतं, पण आधीही लागत होता. बाबा कासावीस झाले. दुकानात येऊन मला विचारायचे, "ती बोलत का नाही? जास्त झालंय का? डॉक्टरांना विचार. निदान शब्द तरी येत होते, आता तेही नाहीत." मी म्हणायचे, "बाबा, विचारते." माझी अवस्था अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी झाली होती. एकाचं गुपित या खिशात, दुसरीचं त्या खिशात, आणि दोन्ही गुपितांत काडीचाही फरक नाही.

असंच एकदा मी दुकानात आले तर बाबांनी यंत्राची चकती काढून बाकावर ठेवली होती. पुढ्यात एक जुना अकॉर्डियन होता. डाव्या हाताने ते भाता ओढत होते आणि उजवा तळवा वाद्याच्या लाकडावर सपाट ठेवून डोळे मिटून बसले होते. मी खांद्याला हात लावल्यावर त्यांनी चकती लावली.

"याच्या खालच्या जिभा मऊ आहेत," ते म्हणाले. "चांगल्या माणसाने बनवलाय. यंत्रातून ऐकला तर नुसतं टिनपाट वाजतं. हाताला पोत येतो अजून."

मी पटकन म्हणाले, "बाबा, मग आईच्या पाठीवर हात ठेवा ना, ती बोलताना."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हे त्यांना आधीच सुचलेलं होतं. "आणि ती विचारेल, हात कशाला? मग काय सांगू? कानाने येत नाही म्हणून?"

वर जाऊन मी आईला म्हटलं, "बाबांना हाताने कळतं. तू बोल, त्यांना पाठीवर हात ठेवायला सांग." आई म्हणाली, "म्हणजे मला कळलंय हे त्यांना कळेल. मग रडत बसतील. नको गं." ते वाक्य बोलताना ती दोनदा थांबली. तिचा श्वास दिवसेंदिवस आखूड होत चालला होता आणि हे दोघे एकमेकांची मनं जपत बसले होते.

शेवटी माझं डोकं फिरलं. दुपारची वेळ होती. बाबा पलंगाशेजारी खुर्चीवर बसून तिला संत्रं सोलून देत होते. एकेका फोडीची शीर काढायची, बी काढायची, तिच्या हातावर ठेवायची. ती हसून मान हलवायची, की हेही हसून मान हलवणार. पहिल्यांदा भेटलेल्या पाहुण्यांसारखे! मी दारात उभी राहून बघत होते आणि मला ते सहन होईना.

"बाबा," मी ओरडले. रागातसुद्धा आधी 'बाबा'च तोंडात आलं, इतकी सवय झाली होती. "बाबा, तिला माहीत आहे तुम्हांला तिचा आवाज येत नाही ते. चांगलं माहीत आहे. त्या दिवशी खिडकी लावायला मीच सांगितलं होतं तुम्हांला, तिने नाही. आणि आई, त्यांना पहिल्या दिवसापासून आलेला नाही. नाडी सुटली म्हणालीस ना, तेव्हापासून! आता दोघं मिळून मला काय बोलायचं ते बोला."

बाबांच्या हातातली फोड खाली पडली. आई त्यांच्याकडे बघत होती, ते आईकडे. मला वाटलं, झालं, आता दोघंही रडणार आणि आईला काहीतरी होणार आणि ते माझ्या माथी.

बाबांनी हळूच कानामागे हात नेला आणि चकती काढून उशाशी ठेवली. म्हणजे आता त्यांना ठार बहिरेपण. ते पलंगाच्या कडेवर बसले. त्यांनी आईला थोडं पुढे वाकवलं आणि तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळवा सपाट ठेवला.

आईने श्वास घेतला. आणि तिच्या त्या भसाड्या, जाड्याभरड्या, फोनवर काका वाटणाऱ्या आवाजात म्हणाली, "इतके दिवस कुठे ठेवला होतात हा हात?"

बाबांना शब्द कळले नाहीत, कळणं शक्यच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. "आहे," ते म्हणाले. "आहे, आहे. दोन्ही धागे आहेत. खालचा जरा सैल झालाय. पण आहे."

मग ती बोलत राहिली. आधी शब्द होते आणि आवाज नव्हता, आता आवाज होता आणि शब्द नव्हते. त्यामुळे तिला काहीही बोलता येत होतं, आणि तिने ते बोलून घेतलं. जे तिने त्यांना जन्मात तोंडावर सांगितलं नसतं तेही. मला ते दारातून ऐकू आलं. ते मी कुणाला सांगणार नाही, बाबांनाही सांगितलेलं नाही. बोलायचं संपलं की ती कापडांची नावं घ्यायची, मांजरपाट, मलमल, तलम, खादी, आणि धाप लागली की थांबायची. तिचं बोलणं थांबलं तरी बाबा हात काढत नव्हते. मी पाणी घेऊन गेले तेव्हा तिने मला हातानेच बाहेर जायला सांगितलं. तिने इतकं बोलू नये, हे मला माहीत होतं. मी तिला थांबवलं नाही. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं, भिंतीवरून गेलं, तरी ती बोलत होती.

दुसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला. नुसती कुजबुज उरली. बाबांनी पाठीवर हात ठेवला, ती काहीतरी कुजबुजली, त्यांनी मान हलवली. पुन्हा हात सरकवून ठेवला, पुन्हा मान हलवली. कुजबुजीला पोत नसतो. ती सगळ्यांची सारखीच असते, राजाची काय अन् रंकाची काय, नुसता वारा. आवाज दोन दिवसांत सुटेल, डॉक्टर म्हणाले. तो सुटला नाही. ती त्याच आठवड्यात गेली. जाताना बाबांचा तळवा तिच्या पाठीवर होता, आणि श्वास थांबल्याचं त्यांना माझ्याआधी कळलं.

मी आधी तोंड उघडलं असतं तर त्यांना एकच दुपार मिळाली नसती, पुष्कळ मिळाल्या असत्या. आणि त्या दुपारी गप्प बसले असते तर ती कदाचित आणखी काही दिवस जगली असती. हा हिशेब मी करून बघितला आहे आणि तो कुठूनच सुटत नाही. आता मी तो करत नाही. मला आई हवी आहे, एवढंच कळतं.

भेटायला येणाऱ्यांच्या दिवसांत बाबांनी चकती लावलीच नाही. लोक यायचे, त्यांचा हात हातात घेऊन बोलायचे, आणि ते समजल्यासारखी मान हलवायचे. माणसं यायची थांबल्यावर ते पुन्हा दुकानात येऊन बसू लागले. काम करायचे, पण पाटी कोरी असलेल्या मुलासारखे मध्येच थांबून बसायचे. मी एक-दोनदा पाठमोऱ्या त्यांना सहज म्हणाले, "जेवायला चला," आणि 'बाबा' म्हणायची विसरले. दोन्ही वेळा ते ताडकन वळले. मला बघितलं आणि पुन्हा बाकाकडे तोंड केलं. मग मी आधीसारखी प्रत्येक वाक्याला 'बाबा' लावायला लागले.

एका सकाळी ते म्हणाले, "इकडे ये. स्टुलावर बस. पाठ कर माझ्याकडे."

चकती त्यांनी काढून बाकावर ठेवली होती. मी बसले. त्यांचा तळवा माझ्या पाठीवर आला, दोन खांद्यांच्या मधोमध. खरखरीत हात, कानशीने घट्टे पडलेला. त्यांनी बोटाने दोनदा टकटक केलं, म्हणजे बोल.

मी कामांची यादी सांगायला लागले, कुठला अकॉर्डियन कुणाला द्यायचाय, कुठला भाता फाटलाय. ते काय शोधतायत ते मला ठाऊक होतं. माझी हनुवटी आईची आहे, बोटं आईची आहेत, सगळे म्हणतात. आवाजात काही उतरलं असेल तर ते आत्ता हाताला लागेल. देवा, काहीतरी असू दे, एवढंच मनात चाललं होतं. मी आवाज खाली नेला, छातीतून काढला, आईसारखा जाड केला.

त्यांनी लगेच टकटक केलं. "तसं नको. तुझ्या आवाजात."

मग मी माझ्या आवाजात बोलले. बोलले बोलले, कामं संपली, तरी बोलले. तळवा थोडा वर सरकला, मग खाली, मग तिथेच थांबला. मला वाटलं, सापडलं वाटतं.

"नाही," बाबा म्हणाले. "ही सगळी तूच आहेस. तिचा एकही धागा नाही."

त्यांनी हात काढून घेतला. मी त्यांच्याकडे पाठ करून तशीच बसून राहिले, कारण वळले असते तर माझा चेहरा त्यांना दिसला असता.